सात श्वासांचं शून्य

सरांनी मला आयुष्यात एकदाच शून्य दिलं, आणि तेही मी वर्गात पहिली आले म्हणून.

तसा सरांचा हात मार्कांच्या बाबतीत आखडताच होता. कल्याणच्या आमच्या शाळेत ते नववी-दहावीला विज्ञान शिकवायचे. दहापैकी सहा दिले की त्यांच्या लेखी तो मुलगा डॉक्टर होणार हे ठरलेलं असे. सात मिळालेला विद्यार्थी आमच्या आठवणीत कुणीच नाही. पण शून्यही ते कुणाला देत नसत. कोरा कागद दिला तरी "नाव बरोबर लिहिलंय" म्हणून अर्धा मार्क असायचा. त्यामुळे माझ्या शून्याची शाळेत बरीच चर्चा झाली.

सर बुटके, गोल आणि खांद्यापासून कमरेपर्यंत एकाच रुंदीचे होते. बोलणं सारखं प्राणवायूचं. म्हणून आम्ही त्यांना सिलिंडर म्हणायचो. अर्थात पाठीमागे. 'सिलिंडर आला' असं कुणी कुजबुजलं की वर्ग चिडीचूप होई.

शाळा सुरू झाल्यावर पहिल्या तासाला त्यांचा एक ठरलेला विधी असायचा. फळ्यावर काही लिहायचं नाही, हजेरी घ्यायची नाही. टेबलावर एक स्टॉपवॉच ठेवायचं आणि सांगायचं, "ताठ बसा. नाकाने एक साधा श्वास. एकच. मग हात वर. श्वास सुटला की हात खाली. ज्यांची छाती हलतेय आणि हात अजून वर आहे, ते खोटारडे आहेत."

मग साठ हात वर करून बसलेल्या वर्गातून ते निवांत फिरत. कुणी तिसाव्या सेकंदाला फुस्सकन हवा सोडे, कुणाला हसू फुटे. ज्याचा हात खाली येई त्याला ते विचारत, "का सोडलास?"

"सर, हवा संपली."

"संपली? तुझ्या रक्तात अजून भरपूर प्राणवायू आहे. संपला असता तर तू मला उत्तर दिलं नसतंस, खाली पडला असतास. मग का सोडलास?"

याचं उत्तर कुणालाच येत नसे. तेच त्यांना हवं असे. मग ते खडू उचलत. आपल्या शरीरात एक घंटा आहे, ते सांगत, आणि ती घंटा प्राणवायू कमी झाला म्हणून वाजत नाही. जळून उरलेला कार्बन डायऑक्साइड साठला की वाजते. "चुलीत लाकूड संपलं हे घरातल्या माणसाला कळत नाही. धूर कोंडला की कळतं. तो उठून खिडकी उघडतो. तुम्ही आत्ता खिडकी उघडलीत, एवढंच झालं."

आणि शेवटी एक ताकीद, दर वर्षी त्याच शब्दांत: "साधा श्वास. आधी भराभर धापा टाकून मग धरायचा नाही. माझ्या वर्गात नाही, घरी नाही, पाण्यात तर मुळीच नाही."

का नाही, ते मात्र सांगत नसत.

रक्तातून प्राणवायू कसा जातो हे शिकवायला त्यांनी आम्हाला कल्याणच्या घाऊक बाजारात नेलं होतं. मुख्याध्यापकांना त्यांनी 'जीवशास्त्राची सहल' असा अर्ज दिला होता, आणि मुख्याध्यापकांना वाटलं, भाज्या दाखवतील. सरांनी आम्हाला कांद्याच्या गाळ्यासमोर रांगेत उभं केलं आणि हमालांकडे बोट दाखवलं.

"हे रक्त," ते म्हणाले. "नीट बघा. रक्तातला प्रत्येक हमाल, म्हणजे हिमोग्लोबिन, प्राणवायूच्या चार गोण्या उचलतो. पहिली उचलताना किती कुरकुरतो बघा. पण एकदा एक पाठीवर गेली की दुसरी सोपी, तिसरी त्याहून सोपी, चौथी तर आपोआप. आणि उतरवतानाही तसंच, एक टाकली की पुढच्या भराभर. कुठे उतरवतो? जिथे काम चाललंय तिथे. जिथे गरम आहे, आंबट आहे. पळणाऱ्याच्या पोटरीत. आत्ता त्या हातगाडीवाल्याच्या दंडात."

एक थोराड हमाल पाठीवर गोणी घेऊन आमच्यापाशी थांबला. "काय बघताय, मास्तर?"

"तुम्हाला. तुम्ही रक्त आहात."

"रक्त सकाळपासून आटतंय आमचं. वाट सोडा."

सरांना हे वाक्य इतकं आवडलं की पुढे घटक चाचणीत प्रश्न आला: 'रक्त वाट कधी मागते?' याचं अपेक्षित उत्तर काय होतं हे मला अजून माहीत नाही. मी 'रक्तवाहिनी अरुंद झाल्यावर' असं लिहिलं. दहापैकी साडेपाच.

माणूस म्हणजे बिनज्वाळेची चूल, हे त्यांचं दुसरं लाडकं वाक्य. प्रत्येक पेशीत एकेक बारीक शेगडी आहे. भाकरीचं सरपण, हवेतला प्राणवायू, आणि मंद, न दिसणारा जाळ. "हात हातात घेऊन बघा. ऊब लागते ना? आपण सगळे जळतोय. फक्त सावकाश." पुढे कुणाच्या मयताला गेले आणि हात गार लागला की मला हेच वाक्य आठवत आलं आहे.

आणि असा हा माणूस विड्या ओढायचा. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत, सांगाड्याच्या शेजारी उभं राहून. एकदा आमच्यातल्या एकीने धीर करून विचारलं, "सर, विडीच्या धुराने काय होतं?"

सर जराही वरमले नाहीत. "त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. तो हमालाच्या पाठीवर बसतो आणि उतरतच नाही. गोण्या तशाच पडून राहतात. फार वाईट."

"मग तुम्ही—"

"मी रोज बघतो ना. म्हणूनच इतक्या खात्रीने सांगतोय."

आता माझं शून्य. मी वर्गात न बोलणारी मुलगी होते. विठ्ठलवाडीहून चालत यायचं, मागच्या बाकावर बसायचं आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या वाचनालयाच्या कपाटापाशी उभं राहायचं. पहिल्या दिवशीच्या परीक्षेत मी एकेचाळीस सेकंद टिकले होते. सहामाहीनंतर सरांनी तीच परीक्षा प्रात्यक्षिक म्हणून, मार्कांसाठी घेतली. दरम्यान मला त्या कपाटातल्या एका जाड पुस्तकात एक ओळ सापडली होती: आधी जोरजोरात श्वास घेतले की दम जास्त वेळ धरता येतो. सरांची ताकीद मला पाठ होती. पण ताकीद सरांची होती आणि ओळ छापलेली होती. त्या वयात छापलेल्यावर माझा जास्त विश्वास होता.

मी बाकाखाली डोकं घालून चपलेचा पट्टा नीट करण्याच्या मिषाने सात दणदणीत श्वास घेतले आणि हात वर केला. एकेक करून सगळे हात खाली आले. माझा वरच. मला गुदमरल्यासारखं वाटतच नव्हतं. हलकं, छान, जरा लांब गेल्यासारखं वाटत होतं. बोटांना मुंग्या येत होत्या. वर्ग टाळ्या वाजवायला लागला. तेवढ्यात सरांनी माझ्या पाठीत एवढी जोरात थाप मारली की श्वास आपोआप सुटला.

"किती घेतलेस आधी?"

"सात."

त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वर्गात नेहमी छापील मराठी बोलणारे सर एकदम त्यांच्या खाडीकाठच्या गावातल्या बोलीत ओरडले, "मरायचा हाय काय तुला? कुनी शिकवला ह्या?"

"पुस्तकात होतं."

  मग टेबलापाशी जाऊन त्यांनी माझ्या नावापुढे शून्य मांडलं, आणि तास संपायच्या आत वर्गाबाहेर निघून गेले. दुसऱ्या दिवशी ते जाड पुस्तक कपाटात नव्हतं.

नंतर मी ग्रंथपाल झाले. डोंबिवलीतल्या एका महाविद्यालयात, पहिल्या मजल्यावर. निवृत्त झाल्यावर सर एक दिवस तिथे वर्तमानपत्र वाचायला आले. एकवीस पायऱ्या चढून दारात उभे, एक हात चौकटीवर, ओठ शीळ घातल्यासारखे करून हवा सोडत. मी खुर्ची पुढे केली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि बोलण्याइतका दम आल्याबरोबर म्हणाले, "काय गं, सात श्वास?"

इतक्या वर्षांनी त्यांना माझं नाव आठवत नव्हतं. आकडा आठवत होता.

विड्या तोवर सुटल्या होत्या, पण उशिरा. फुप्फुसातले बारीक फुगे फाटून एकमेकांत मिसळले होते. "द्राक्षांचा घड होता, त्याचा भोपळा झाला," ते सांगत. "हवा तेवढीच मावते, पण देवाणघेवाण करायला भिंती उरल्या नाहीत." हळूहळू वाचनालयात येणं थांबलं आणि मीच रविवारी ठाकुर्लीला त्यांच्या घरी जाऊ लागले. लवकरच घरात प्राणवायूचं यंत्र आलं. चाकांवरची एक पेटी, खोलीतली हवा आत ओढून त्यातला नायट्रोजन अडवणारी, दळणाच्या गिरणीसारखी घरघरणारी. तिला काचेची छोटी नळी, नळीत एक गोळी. बटण फिरवलं की गोळी वर-खाली होई. सरांच्या नाकाला नळी लागली त्या दिवशी मी गेले तर ते पेटीवर थाप मारून म्हणाले, "ये. आता घरात दोन सिलिंडर झाले."

माझा चेहरा बघून ते खोकेपर्यंत हसले. त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं.

डॉक्टरांनी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: गोळी दोनवर. बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. त्याहून कमी नको आणि जास्तही नको. काकूंना त्यातलं 'जास्तही नको' काही केल्या पटत नव्हतं. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सरांच्याच गावच्या, चुणचुणीत आणि ठाम.

"अठ्ठ्याऐंशी म्हंजे काय गो?" त्या मला विचारत. "माजे नातीला पंच्यान्नव परले तर रडत होती. आनि ह्यांना अठ्ठ्याऐंशीत समाधान! वाऱ्याला काय पैसे परतात? बटन फिरवाला की झाला."

"मी जन्मात कुणाला अठ्ठ्याऐंशी दिलेत का?" सर पलंगावरून म्हणत. "माझ्या मानाने हे डिस्टिंक्शन आहे."

"तुमी कुनाला काय दिलाय! पोरांचे तळतळाट लागलेत ते."

एका रविवारी काकू खाली भाजीला गेल्या तेव्हा सरांनी मला जवळ बसायला सांगितलं. "तिच्यावर लक्ष ठेव," ते म्हणाले. "ती मला प्रेमाने मारेल. माझी ती घंटा आहे ना, ती इतकी वर्षं कोंडलेल्या धुरात राहून बहिरी झालीय. जास्त प्राणवायू दिला की आकडा सुंदर दिसेल आणि आत धूर साठत जाईल. का साठतो याची कारणं दोन-तीन आहेत, डॉक्टरांमध्येही वाद आहेत. पण परिणाम एकच. माणूस शांत झोपतो. छान दिसतो. आणि उठत नाही." मग ते यंत्राच्या काचेच्या नळीकडे बघत म्हणाले, "आमच्या घरात घंटा बंद पडायची ही दुसरी खेप होईल."

तेव्हा त्यांनी मला पहिली खेप सांगितली.

त्यांचा मोठा भाऊ, ज्याला ते दादूस म्हणत, खाडीत रेतीच्या डुब्या मारायचा. होडीच्या कडेला बांबू रोवलेला असे. बांबूला धरून तळाला जायचं, लोखंडी बादलीत रेती भरायची, दोरीला हिसका द्यायचा, वर यायचं. एका दमात. सर तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. घरातले पहिलेच. दादूस त्यांना चिडवायचा, "तुजे बुकाचा आमाला पन काय तरी उपेग होऊं दे." आणि एक दिवस सरांनी एका जाड पुस्तकातली ओळ त्याला वाचून दाखवली. आधी जोरजोरात श्वास घेतले की दम जास्त टिकतो.

"त्याला फार आवडलं ते," सर म्हणाले. "सगळ्या खाडीला सांगत सुटला, माजा भाव शिकलेला हाय. आठ दिवस एका डुबीत दोन बादल्या काढल्या त्याने. कुणाला जमलं नव्हतं. मी होडीतच होतो. नवव्या दिवशी दोरीला हिसका आला, बादली वर आली. भरलेली. तो नाही आला."

त्या धापांनी प्राणवायू फारसा वाढत नाही. धूर तेवढा आधीच निघून जातो, म्हणून घंटा वेळेवर वाजत नाही. दिवा विझतो, आणि विझेपर्यंत माणसाला बरंच वाटत असतं. हे त्याच पुस्तकात चार पानं पुढे छापलेलं होतं. सर तिथपर्यंत पोचले नव्हते.

"ते शून्य," सर म्हणाले, "मी पंधरा वर्षं खिशात घेऊन फिरत होतो. तू भेटलीस."

काकू भाजी घेऊन वर आल्या. लिफ्ट बंद होती म्हणून त्या धापा टाकत होत्या. "बघ," सर मला म्हणाले, "चार मजल्यांची धाप. हमाल पळतायत. ही निरोगी बाई आहे." काकूंनी त्यांच्या अंगावर कोथिंबिरीची जुडी फेकली.

त्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी दुपारी मी गेले, तर काकूंनी हसत दार उघडलं. "हळू ये. निजलेत. किती दिसांनी असे निजलेत. आनि आकडा बघ!"

आकडा सत्त्याण्णव होता. नळीतली गोळी पाचवर.

सर खरंच छान दिसत होते. गाल गुलाबी, कपाळावरच्या आठ्या गेलेल्या. मी त्यांचा हात हातात घेतला. नेहमीपेक्षा गरम, ओलसर. "सकाळपासून डोका दुखतो बोलत होते," काकू म्हणाल्या, "म्हनून जरा वाढवला. लगेच निज लागली." मी सरांना हाक मारली. उठले नाहीत. खांदा हलवला. ओठ हलले, डोळे उघडले नाहीत. श्वास चालू होता, पण उथळ, आणि दोन श्वासांमध्ये नको इतकी सवड होती.

मी डॉक्टर नाही. मी पुस्तकं ओळीने लावणारी बाई आहे, आणि श्वासाच्या विषयात माझ्या नावावर शून्य आहे. पण ते हलकं, छान, लांब गेल्यासारखं वाटणं मला माहीत होतं. मी कपाटावरचा कागद पुन्हा एकदा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि बटण फिरवून गोळी दोनवर आणली.

"काय करतेस गो?" काकूंनी माझं मनगट धरलं. "कमी का करतेस? त्यांना बरा वाटतंय!"

"काकू, दादूसलाही बरंच वाटत होतं."

त्यांनी माझं मनगट सोडलं. फोन आणून माझ्या हातात दिला.

डॉक्टर म्हणाले, अँब्युलन्स बोलवा. तोवर दोनवरच ठेवा, पूर्ण बंद अजिबात करू नका, बसतं करा आणि जागं ठेवायचा प्रयत्न करा. आम्ही दोघींनी त्यांना उशांना टेकवून बसवलं. आकडा उतरायला लागला. पंच्याण्णव. त्र्याण्णव. काकू प्रत्येक आकड्याला देवाचं नाव घेत होत्या आणि मध्येच सरांच्या गालावर चापट्या मारत होत्या, त्यातल्या काही जरा मनापासून. "उठा! आवो, उठा! पोरांचे पेपर तपासायचे हायत!" एक्याण्णव. नव्वद. मी त्यांच्या पाठीत थाप मारली. त्यांनी मला मारली होती तशीच.

अँब्युलन्सची माणसं जिन्यात असताना सरांनी डोळे किलकिले केले. बराच वेळ दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकोणनव्वद," मी म्हटलं.

"एक मार्क जास्त दिलास," सर म्हणाले.

दवाखान्यात ते आठवडाभर राहिले. घरी आल्यावर काकूंनी त्या बटणावर चिकटपट्टी लावली आणि वर हळदीकुंकवाची दोन बोटं ओढली, म्हणजे त्याला कुणी शिवणार नाही. नंतर सरांना आणखी एक अख्खं वर्ष रविवार मिळाले, आणि मलाही. ते गेले ते सकाळी, जागेपणी, काकूंशी चहात साखर किती यावरून वाद घालून झाल्यावर. गोळी दोनवर होती. मी पोचले तेव्हा यंत्र कुणी बंद केलं नव्हतं. ते आपलं हवा गाळत होतं. मी त्यांचा हात हातात घेतला. सावकाश जळण्याचं ते वाक्य मला तेव्हाही आठवलं.

शाळेच्या सभागृहात सभा झाली. आम्ही वेगवेगळ्या वर्षांचे कितीतरी विद्यार्थी आलो होतो. कुणाचे केस गेलेले, कुणाची मुलं बरोबर. पहिल्या रांगेत काकू, त्यांच्या शेजारी मी. भाषणं झाली. आताच्या मुख्याध्यापकांनी, ज्यांनी सरांना कधी पाहिलं नव्हतं, म्हटलं, "आता आपण एक मिनिट स्तब्ध उभे राहून श्रद्धांजली वाहू."

सगळे उभे राहिले. सभागृहात एक साधा श्वास घेतल्याचा आवाज झाला. मग मागे कुठेतरी एक हात वर गेला. मग त्याच्या शेजारचा. मग दोन्ही बाजूंच्या रांगांतून हातच हात.

मुख्याध्यापक गोंधळले. "कुणाला काही विचारायचंय का?"

कुणीच उत्तर दिलं नाही. देता येत नव्हतं.

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा फिरत होता. हात एकेक करून खाली यायला लागले. कुणीतरी फुस्सकन हवा सोडली, कुणीतरी हसलं, आणि त्या हसण्याबरोबर रडलंही. माझा हात खाली आला तेव्हा मी मोठा श्वास घेतला आणि डोळे पुसले.

काकूंनी माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "किती?"

"चौतीस."

"साधा?"

"साधा. एकच."

त्यांनी मान डोलावली. "मग बरा हाय," काकू म्हणाल्या.